केट्रुडाच्या जागी गोळी काहून येत नाही?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू नागपुरात एम. फार्म. करतेस, मामांना गालाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या केट्रुडासारख्या औषधांचं, नाव काढलं आणि खर्च ऐकून घरचे सगळे चूप झाले. त्यावरून तुझ्या डोक्यात आलं की ही सगळी औषधं अँटिबॉडीच (टोचून द्यायची मोठी प्रोटीनं) काहून, यांची साधी गोळी का निघत नाही, निघाली तर स्वस्त पडेल काय, आणि प्रोजेक्टला पीडी-एल१ या कॅन्सर-पेशीवरच्या प्रोटीनचं डॉकिंग, म्हणजे कॉम्प्युटरवर त्यात मॉलिक्यूल बसवून बघणं, घ्यावं काय. मी मेडिसिनल केमिस्ट आहे, हैदराबादला नवीन औषधं शोधायच्या कामात (डिस्कव्हरीत) बरीच वर्षं काढली, त्यातली काही याच टार्गेटवर, आता नागपुरात परत येऊन पोट्ट्यांना शिकवतो, तर मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. डॉक्टर नाही मी, त्यामुळे मामांबद्दल फक्त शेवटी एक गोष्ट सांगीन, तीही त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारायची म्हणून.

मत आधीच सांगून टाकतो, नंतर भांडायला सोपं जातं. पीडी-एल१ ला लॅबच्या टेस्ट-प्लेटमध्ये अडवणारा छोटा मॉलिक्यूल बनवणं आता फार अवघड राहिलेलं नाही, ते दहा वर्षांपूर्वीच जमलं. अवघड आहे ते माणसाच्या अंगात, गाठीच्या आत, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने त्याला अडवून ठेवणं. अँटिबॉडी एकदा दिली की हे काम तीन-तीन आठवडे करत बसते, गोळीला तेच काम रोज सकाळी नव्याने सुरू करावं लागतं. गोळी अडली आहे ती इथे.

बायोलॉजी तुला येतेच, दोन ओळीत उरकतो. टी-सेलवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीवर, पीडी-१ नावाचा ब्रेक असतो, कॅन्सरची पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ काढून तो ब्रेक दाबते, टी-सेल थंड पडते. पीडी-१ चा जीन क्योटोला तासुकू होंजोंच्या लॅबमध्ये १९९२ ला सापडला, दुसरा ब्रेक सीटीएलए-४, त्याला अडवून कॅन्सरवर वापरायची कल्पना जेम्स अ‍ॅलिसनची, दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. औषध म्हणून इपिलिमुमॅब २०११ ला, पेम्ब्रोलिझुमॅब म्हणजे केट्रुडा आणि निवोलुमॅब २०१४ ला आले. सगळ्या अँटिबॉडी. वजन दीड लाख डाल्टनच्या आसपास, आणि तू ज्या गोळ्यांचा अभ्यास करतेस त्यांचं पाचशेच्या आत.

आता अँटिबॉडीच काहून, तर त्याचं कारण जागा. काइनेझ नावाच्या एन्झाइममध्ये एटीपी (पेशीचं इंधन) बसायचा खोल खिसा असतो, म्हणून इमॅटिनिबसारख्या गोळीचा मॉलिक्यूल त्यात घुसवता येतो. पीडी-१ आणि पीडी-एल१ जिथे एकमेकांना चिकटतात ती जागा सपाट, तेलकट आणि मोठी आहे, सुमारे २,००० चौरस अँगस्ट्रॉम. पॉलिश केलेल्या कोटा फरशीवर गोटी ठेवून बघ, तसं छोट्या मॉलिक्यूलचं तिथे होतं, धरायला काही नाही. मोठ्या अँटिबॉडीला ही अडचण नाही कारण ती फरशी झाकूनच टाकते. गंमत म्हणजे त्या दोन प्रोटीनची एकेकट्याची पकड काही फार घट्ट नाही, साधारण आठ मायक्रोमोलरच्या आसपास आहे (हा आकडा जितका लहान तितकी पकड घट्ट). म्हणून नवीन माणसाला वाटतं की इतकी ढिली पकड सोडवायला काय लागतं. पण पेशीवर ती एकेकटी नसतात, शेकड्यानं शेजारी-शेजारी उभी असतात, दोन पेशी चिकटल्या की सगळीच एकदम धरतात, आणि तिथे अर्धवट अडवून भागत नाही.

मग ब्रिस्टल-मायर्स स्क्विब (बीएमएस) कंपनीची २०१५ ची पेटंटं आली, बायफेनिल (एकमेकींना जोडलेल्या दोन बेंझिन रिंगा) असलेल्या मॉलिक्यूलची, आणि सगळे चक्रावले कारण आकडे नॅनोमोलर, म्हणजे मायक्रोमोलरच्या हजाराव्या भागातले, होते. हे चिकटतं कुठे ते पोलंडमधल्या क्राकोच्या होलाक यांच्या ग्रुपनं २०१६ ला क्रिस्टल काढून (त्यावरून अणूंची मांडणी दिसते) दाखवलं. हे जरा नीट समजून घे, सगळ्या प्रोजेक्टचा जीव यात आहे. बीएमएस-२०२ हा मॉलिक्यूल एका पीडी-एल१ वर बसतच नाही. तो दोन पीडी-एल१ ना एकमेकांकडे तोंड करून जवळ आणतो आणि त्यांच्या मधोमध स्वतः झोपतो. म्हणजे जी सपाट फरशी पीडी-१ ला धरायची, त्या दोन फरश्या समोरासमोर आल्या आणि मध्ये एक लांब बोगदा तयार झाला, जो प्रोटीन एकटं असताना अस्तित्वातच नव्हता. बोगद्याच्या भिंती तेलकट, त्यांतली अमिनो आम्लं म्हणजे एका बाजूला टायरोसिन-५६, आत मेथिओनिन-११५ आणि अ‍ॅलानिन-१२१, आणि बायफेनिलच्या दोन रिंगा त्यात खोल रुतलेल्या. शेपटीचा अमाइनवाला भाग तोंडाशी पाण्याकडे, तिथून अ‍ॅस्पार्टेट-१२२ जवळ पडतो. पुढच्या वर्षी थोड्या मोठ्या मॉलिक्यूलबरोबर क्रिस्टल आले तेव्हा दिसलं की एका बाजूचं टायरोसिन-५६ बाजूला सरकतं आणि बोगदा दोन्हीकडून उघडा होतो. म्हणजे खिसा आधीपासून नव्हता, मॉलिक्यूलनं आपला खिसा आपण करून घेतला. आजवर या टार्गेटवर जे जे खऱ्या अर्थानं चाललं त्यातलं बहुतेक याच वळणाचं आहे.

आता डॉकिंगवर येतो, कारण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या कॉलेजचा पोट्टा मला मेल करतो की सर मी पीडी-एल१ वर पाचशे फायटोकेमिकल (वनस्पतींतली रसायनं) डॉक केले, क्वेर्सेटिनचा स्कोअर उणे नऊ (जितका उणे तितका चांगला) आला. मी विचारतो प्रोटीन कुठलं घेतलं, तर उत्तर येतं ४झेडक्यूके. बाप्पा, ते पीडी-१ आणि पीडी-एल१ च्या कॉम्प्लेक्सचं स्ट्रक्चर आहे, त्यातून पीडी-१ काढून टाकलं की उरते सपाट फरशी, तिथे काहीही डॉक केलं तरी एखाद्या खोबणीत जाऊन बसणार आणि सॉफ्टवेअर काहीतरी आकडा देणारच. डायमरवालं, म्हणजे दोन पीडी-एल१ च्या जोडीचं, घ्यायचं, ५जे८९ घे, आणि दोन्ही चेन ठेव, एक चेन डिलीट करू नको. त्यातही दुसरी गोम अशी की बोगदा तेलकट आणि लांब असल्यामुळे जो मॉलिक्यूल जास्त मोठा आणि जास्त तेलकट त्याचा स्कोअर आपोआप चांगला येतो. त्यामुळे स्कोअर बघून हरखून जायचं नाही. शिवाय हा डायमर जवळपास सममित आहे आणि मॉलिक्यूल नाही, म्हणजे तो इकडून तोंड करूनही बसू शकतो आणि तिकडूनही, दोन्ही पोझ तपासाव्या लागतात. बीएमएस-२०२ आधी काढून परत डॉक कर, दोन अँगस्ट्रॉमच्या आत जागेवर येत नसेल तर पुढे जाऊच नको.

डॉकिंगच्या पुढचा टप्पा मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण लोकांचा पैसा आणि वर्षं तिथे बुडतात. पहिली टेस्ट सहसा एचटीआरएफ असते, ३८४ विहिरींची प्लेट, एका प्रोटीनवर युरोपियमचा टॅग, दुसऱ्यावर लाल रंगाचा, दोघं जवळ असले की ६६५ नॅनोमीटरला सिग्नल मिळतो, तुझ्या मॉलिक्यूलनं त्यांना वेगळं केलं की सिग्नल पडतो. साधं, स्वस्त, एका दुपारी हजारो कंपाउंड होतात. आता काय होतं बघ. तुझ्या कंपाउंडचा डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक काचेसारखा स्वच्छ असतो, तो बफरमध्ये (टेस्टच्या पाण्यात) टाकला की वरच्या कॉन्सन्ट्रेशनच्या विहिरी किंचित दुधाळ होतात, इतक्या किंचित की प्लेट काळी असेल तर दिसतच नाही, पारदर्शक प्लेट उजेडासमोर तिरपी धरली तरच कळतं. न विरघळलेल्या कंपाउंडचे ते बारीक गोळे प्रोटीनला आपल्या अंगावर ओढून घेतात, सिग्नल पडतो, कर्व्ह सुंदर येतो, हिट म्हणून स्लाइडवर चढतो. म्हणून आमच्याकडे नियम होता की बफरमध्ये थोडा डिटर्जंट टाकून परत करायचं, आणि मग एनएमआर किंवा एसपीआरवर खरंच प्रोटीनला चिकटतं का ते बघायचं, त्याशिवाय हिट म्हणायचं नाही. आणखी एक, प्लेटमध्ये पीडी-एल१ पाच नॅनोमोलर असेल तर आयसी५० (निम्मं अडवायला लागणारं कॉन्सन्ट्रेशन) त्याच्या पाव भागाच्या खाली जाऊच शकत नाही, कारण एक मॉलिक्यूल फार तर दोन पीडी-एल१ अडवतो, मग ०.५ नॅनोमोलर दाखवणारा रिपोर्ट आला की मी आधी प्रोटीनचं कॉन्सन्ट्रेशन विचारतो.

प्लेट पास झाली की पेशी. इथे खरं रडणं सुरू होतं. जुर्काट नावाच्या टी-सेलवर पीडी-१ आणि ल्युसिफरेज (उजेड देणारं एन्झाइम) बसवलेलं असतं, दुसऱ्या पेशीवर पीडी-एल१, ब्रेक निघाला की उजेड वाढतो. त्याच घराण्यातला बीएमएस-११६६ प्लेटमध्ये १.४ नॅनोमोलर, आणि पेशींमध्ये २७६. सुमारे दोनशे पट घसरला. अँटिबॉडी त्याच टेस्टमध्ये एक नॅनोमोलरच्या आसपास काम करते आणि वर जाऊन जो उजेड देते तेवढा हे मॉलिक्यूल देतच नाहीत, मध्येच थांबतात. थोडं अजून कॉन्सन्ट्रेशन वाढवावं म्हटलं तर पेशीच मरायला लागतात, कारण पाचशे-सहाशे डाल्टनचा तेलकट अमाइन पेशीच्या मेंब्रेनला छळणारच. मग सिग्नल पडला तो ब्रेक निघाला नाही म्हणून की पेशी मेली म्हणून, हे सांगता येत नाही, म्हणून पीडी-१ नसलेली जुर्काट शेजारी ठेवावी लागते, प्रत्येक वेळी, कंटाळा आला तरी. मला वाटतं या विषयावर जेवढं छापून येतं त्यातलं निम्मं या एका कंट्रोलनं गळून पडेल.

त्यानंतर उंदीर. तिथे अजून एक भानगड. माणसाच्या आणि उंदराच्या पीडी-एल१ चा आकार जवळपास सारखा आहे, पण बोगद्यातली मोजकी अमिनो अ‍ॅसिड वेगळी, आणि तेवढ्यानं ही बायफेनिल उंदराच्या पीडी-एल१ ला नीट धरत नाहीत. म्हणजे साध्या उंदरात, एमसी३८ या उंदराच्याच साध्या ट्यूमरवर असं औषध देऊन गाठ लहान झाली असा पेपर दिसला तर भुवई वर जायला हवी, गाठ दुसऱ्याच कारणानं लहान झाली असेल. माणसाचा पीडी-एल१ बसवलेले उंदीर लागतात आणि ते भयंकर महाग पडतात, आपल्याकडच्या साध्या ग्रँटमध्ये बसत नाहीत.

माणसांपर्यंत काय पोचलं ते सांगतो. आपल्या देशातून पहिलं मोठं नाव सीए-१७०, बंगळुरूच्या ऑरिजीनचं, अमेरिकेतल्या क्युरिसबरोबर. पीडी-एल१ आणि व्हिस्टा (टी-सेलला थंड करणारं आणखी एक प्रोटीन) दोन्ही अडवणारी तोंडानं घ्यायची गोळी म्हणून २०१६ मध्ये फेज वन (माणसांवरची पहिली चाचणी) सुरू झाली, भारतात फेज टू पण झाली. खूप अभिमान वाटला होता तेव्हा आमच्या लाइनमध्ये. मग २०१९ मध्ये क्राकोच्याच लोकांनी तपासून लिहिलं की त्यांच्या टेस्टमध्ये सीए-१७० पीडी-एल१ ला चिकटताना दिसतच नाही. हे बायफेनिलच्या घराण्यातलं नाही, पेप्टाइडवरून काढलेलं छोटंसं आहे, तेव्हा काम वेगळ्या रस्त्यानं होत असेल असं म्हणायला जागा आहे, पण टार्गेटला चिकटल्याचा पुरावा हातात नसेल तर पुढचा मॉलिक्यूल कसा सुधारायचा हे केमिस्टला कोण सांगणार.

दुसरं नाव इन्साइट कंपनीचं आयएनसीबी०८६५५०. हे मात्र पक्कं. २०२२ मध्ये त्यांचा डेटा छापून आला. मॉलिक्यूल दोन पीडी-एल१ ना जोडतो, आणि जोडलेली जोडी पेशी आत ओढून घेते, म्हणजे पृष्ठभागावरून पीडी-एल१ च नाहीसा होतो. हे माझ्या मते या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात सुंदर काम, कारण रक्तातून औषध उतरलं तरी पेशीला नवीन पीडी-एल१ बनवून वर आणायला वेळ लागतो, तेवढा फायदा फुकटात मिळतो. पेशंटमध्ये काहींची गाठ खरंच कमी झाली. म्हणजे गोळीनं ब्रेक निघू शकतो हे माणसात सिद्ध झालं, हे कमी नाही. पण पेरिफेरल न्यूरोपथी दिसली, हातापायाला मुंग्या-बधिरपणा, अँटिबॉडीत ती एवढी दिसत नाही. मग त्यांनी हा बाजूला ठेवून पुढचे दोन मॉलिक्यूल घेतले आणि २०२४ मध्ये तोंडानं घ्यायच्या पीडी-एल१ चं कामच बंद केलं. मान्यता मिळालेली पीडी-एल१ ची गोळी आज बाजारात कुठेही नाही.

आता सुरुवातीला म्हटलं त्या मुद्द्यावर. निवोलुमॅबचं हाफ-लाइफ, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे २५ दिवस. फेज वनमध्ये पेशंटच्या टी-सेल तपासल्या तर एका डोसनंतर दोन महिन्यांहून जास्त काळ पीडी-१ च्या बऱ्याचशा जागा अँटिबॉडीनं भरलेल्या होत्या. गोळीचं हाफ-लाइफ तासांत. दिवसाच्या शेवटी, पुढच्या गोळीच्या आधी, रक्तात जेवढं उरतं तेवढ्यानं सुद्धा गाठीतला पीडी-एल१ झाकलेला राहिला पाहिजे, आणि पेशीतला आकडा २७६ नॅनोमोलर असेल, वरून औषध ९९ टक्के प्रोटीनला चिकटलेलं असेल, तर डोस काढून बघ कागदावर, ग्रॅममध्ये जाईल. मग लिव्हर, मग हृदयातलं हर्ग चॅनेल, मग औषधं मोडणारी सीवायपी एन्झाइमं, मेडिसिनल केमिस्ट्रीचं सगळं पुस्तक अंगावर येतं.

गोळीच्या बाजूनं एक मुद्दा सगळे सांगतात, की साइड इफेक्ट झाला तर गोळी बंद करता येते, अँटिबॉडी अंगातून काढता येत नाही. अर्धं खरं. इम्यून कोलायटिस (आतड्याची सूज) किंवा मायोकार्डायटिस (हृदयाची सूज) एकदा पेटला की टी-सेल आपल्या आपण चालू राहतात, औषध गेलं म्हणून थांबतीलच असं नाही, स्टिरॉइड द्यावंच लागतं. थायरॉइड गेलं तर गेलंच. हलक्या त्रासात मात्र गोळीचा फायदा नक्की होईल, एवढं मी मान्य करतो.

आपल्या भागासाठी गोळीचं आकर्षण वेगळं आहे आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. अँटिबॉडीची व्हायल २ ते ८ डिग्रीत ठेवायची, गोठवायची नाही, हलवायची नाही, पातळ केल्यावर बाहेर ठेवली तर केट्रुडा सहा तासांच्या आत संपवायचं. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर असतो, डिस्ट्रिब्युटरकडून हॉस्पिटलपर्यंत आइस-पॅकचा डबा स्कूटीवर जाताना बघितला की माझ्याच पोटात गोळा येतो. आणि गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून माणूस दर तीन आठवड्यांनी एका सलाईनसाठी नागपूरला येतो, सोबत एक जण, दोघांची मजुरी बुडते, तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलपाशी किंवा जामठ्याला जाऊन बघ. गोळी असती तर हे वाचलं असतं. पण एक गोष्ट बाहेरच्या कंपनीतल्या कोणाच्या डोक्यात येत नाही. आपल्याकडचा मोठा भाग तोंडाच्या कॅन्सरचा, खर्ऱ्याचा (तंबाखू-सुपारीचा). या पेशंटचं तोंडच उघडत नाही, एक बोट जेमतेम जातं, कित्येकांना नाकातून राईल्स ट्यूब (अन्नाची नळी). त्याला फिल्म-कोटेड, जेवणाबरोबरच घ्यायची, पाण्यात न विरघळणारी टॅबलेट देऊन काय उपयोग. ट्यूबमधून जाईल असं सस्पेन्शन किंवा विरघळणारी गोळी लागेल, आणि इतक्या तेलकट मॉलिक्यूलचं ते बनवणं हा स्वतंत्र प्रोजेक्ट आहे. फार्मास्युटिक्सवाल्यांनी घ्यावा असा, खरंच.

दरम्यान तिकडे अँटिबॉडीवालेही बसून राहिले नाहीत. अ‍ॅटेझोलिझुमॅब आणि निवोलुमॅबची कातडीखाली टोचायची आवृत्ती अमेरिकेत २०२४ ला मान्य झाली, पेम्ब्रोलिझुमॅबची २०२५ ला. काही मिनिटांत काम. म्हणजे सलाईनचा त्रास वाचतो हा गोळीचा मुद्दाही अर्धा त्यांनी खाल्ला.

स्वस्त पडेल काय? बनवायला नक्कीच. बीएमएस-२०२ ची केमिस्ट्री तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये होईल अशी आहे, सुझुकी कपलिंगनं बायफेनिल, मग ईथर, शेवटी रिडक्टिव्ह अमिनेशन. पण औषधाची किंमत ही फ्लास्कमध्ये ठरत नाही, पेटंट आणि ट्रायलच्या खर्चात ठरते. सोराफेनिब बघ, कॅन्सरची गोळीच ती, महिन्याचे २,८०,००० रुपये होते. २०१२ मध्ये नॅटको या भारतीय कंपनीला कम्पलसरी लायसन्स (पेटंट असतानाही बनवायची सरकारी परवानगी) मिळालं तेव्हा नऊ हजारांच्या आत आली. म्हणजे फरक पडतो तो पेटंट सुटल्यावर, आणि तेव्हा गोळीची किंमत जितकी कोसळते तितकी बायोसिमिलरची (अँटिबॉडीच्या नकलेची) कोसळत नाही, कारण पेशी वाढवायचं बायोरिअ‍ॅक्टर आणि प्रत्येक बॅचची सतराशे साठ तपासणी कोणाला चुकत नाही. गोळीची बाजू मला पटते ती या एका कारणासाठी, पण ते दिवस पंधरा-वीस वर्षांनी येतात, मामांच्या कामाचे नाहीत.

मग छोटे मॉलिक्यूल सोडून द्यायचे का? नाही ना. मला वाटतं अँटिबॉडीची नक्कल करण्यात आपण फार शक्ती घालवली. अँटिबॉडी पेशीच्या आत जात नाही, छोटा मॉलिक्यूल जातो, तर जिथे अँटिबॉडीचा हात पोचत नाही तिथे जा. टी-सेलच्या आत सुद्धा ब्रेक आहेत, एचपीके१ नावाचा काइनेझ, पीटीपीएन२ नावाचा फॉस्फेटेज, डीजीके नावाचा आणखी एक काइनेझ. यांना खिसा आहे, खऱ्या एन्झाइमचा खिसा. पीटीपीएन२ आणि त्याचा भाऊ पीटीपीएन१ दोघांना अडवणारा एबीबीव्ही-सीएलएस-४८४ चा पेपर २०२३ ला आला, फॉस्फेटेजला तोंडानं घ्यायचं औषध निघणार नाही असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, त्यामुळे तो वाचताना मजा आली. गाठीत अ‍ॅडेनोसिन साचून टी-सेल मंदावते, त्याचा ए२ए रिसेप्टर हाही गोळीनं अडवता येतो. पण इथेही हुरळून जाऊ नको. आयडीओ१ या एन्झाइमचं आठव. एपाकॅडोस्टॅट, त्याला अडवणारी छान गोळी, छान केमिस्ट्री, सगळ्यांना वाटलं आता जमलं, केट्रुडाबरोबर मेलानोमात सातशेवर पेशंटची फेज थ्री केली आणि एप्रिल २०१८ मध्ये कळलं की एकट्या केट्रुडापेक्षा काडीचा फायदा नाही. एन्झाइम अडलं होतं की नाही, पुरेसं अडलं होतं की नाही, यावर अजून वाद चालतो. त्या एका निकालानंतर कित्येक कंपन्यांनी आपापले आयडीओचे प्रोजेक्ट गुंडाळले, आमच्या ओळखीच्या निम्म्या लोकांनी तेव्हा टार्गेट बदललं.

तुझा प्रोजेक्ट. पीडी-एल१ घ्यायचाच असेल तर नुसतं डॉकिंग करून एमडी सिम्युलेशनचा (कॉम्प्युटरवर मॉलिक्यूलची हालचाल बघणं) शंभर नॅनोसेकंदाचा ग्राफ चिकटवू नको, असे ढिगानं आहेत. एक लहान पण खरा प्रश्न घे. बीएमएस-२०२ ची शेपटी बदलून, म्हणजे तो अमाइड आणि अमाइनचा भाग, पाण्यात विरघळणं वाढतं का, हा प्रश्न तुझ्या लॅबमध्ये सुटतो. सहा-सात अ‍ॅनालॉग बनव, बफरमध्ये सोल्युबिलिटी मोज, लॉग डी (तेलकटपणा) मोज, एचपीएलसी तर आहेच. बाइंडिंगसाठी बाहेर पाठवावं लागेल, पैसे कमी असतील तर दोनच कंपाउंड पाठव पण बीएमएस-२०२ कंट्रोल म्हणून पाठवायचंच. आणि रिझल्ट आला नाही तर नाही आला म्हणून लिही. बायोलॉजीची सोय कुठेच होत नसेल तर वर म्हटलं ते राईल्स ट्यूबवालं फॉर्म्युलेशन घे, कॅन्सरची दुसरी कुठलीही विरघळायला कटकट करणारी जुनी गोळी घेऊन, त्याचा उपयोग मेडिकलच्या वॉर्डात उद्याच होईल.

आणि मामा. तोंडाच्या कॅन्सरसाठी टाटा मेमोरियलनं एक ट्रायल केली होती, बरी होण्यापलीकडे गेलेल्या डोकं-मान कॅन्सरच्या १५१ पेशंटवर. दोन्ही गटांना तोंडानं घ्यायची स्वस्त मेट्रोनॉमिक (कमी डोसची, सतत चालणारी) किमो, मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, आणि एका गटाला वरून निवोलुमॅब, पण दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलीग्रॅम, नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० असतो. एका वर्षानंतर जिवंत असलेले १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. केमिस्ट म्हणून मला यात नवल वाटलं नाही कारण निवोलुमॅबच्या सुरुवातीच्या ट्रायलमध्येच दिसलं होतं की किलोमागे ०.१ मिलीग्रॅम दिलं काय आणि १० दिलं काय, पीडी-१ च्या जागा जवळपास तेवढ्याच भरतात. ज्या स्वस्त गोळीची तू वाट बघतेस त्यापेक्षा हे खूप जवळचं आहे. मामांची स्टेज काय, ऑपरेशन होणार आहे की नाही, आधी कुठली किमो झाली, यावर सगळं अवलंबून आहे, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचार की लो-डोस निवोलुमॅब यांच्यासाठी बसतं का. डॉक्टर चिडत नाहीत असं विचारलं तर, बहुतेकांना माहीत असतं. आणि बायोप्सीचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये ठेवलाय ते आत्ताच विचारून ठेव, पीडी-एल१ चा सीपीएस (गाठीत पीडी-एल१ किती आहे याचा स्कोअर) काढायची वेळ आली की तो लागतो आणि ऐन वेळी सापडत नाही.